उन्हात काळी, सावलीत पांढरी

चष्म्याच्या दुकानात माणसं फार खोटं बोलतात. "मला लांबचं सगळं स्वच्छ दिसतं" म्हणणारा माणूस आत येताना काचेच्या दाराला धडकलेला असतो. "मी चष्मा रोज धुते" म्हणणाऱ्या बाईच्या चष्म्यात नाकाशी पावडरीचा थर साचलेला असतो. "पडला आणि मोडला" म्हणणारा त्यावर बसलेला असतो. मी कुणाला तोंडावर खोटं पाडत नसे. चष्मा हातात घेतला की मला कळायचं आणि मी दुरुस्तीला लागायचे.

ओमानात, अझैब्यातल्या अशाच एका दुकानात मागच्या खोलीत माझं मशीन होतं. नवरा इथल्या हॉटेलात स्वयंपाकी होता, त्याच्यामागे मी वसईहून आले. आधी त्या दुकानात फरशी पुसायला लागले. मशीनवर एक मंगळुरी म्हातारा होता. त्याला दिसेनासं झालं तसा तो मला हाताशी घेऊ लागला आणि तो गावी गेल्यावर मशीन माझ्याकडे आलं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. या कामाला आकडे वाचता यावे लागतात आणि हात थरथरून चालत नाही. दोन्ही मला जमत होतं.

काम काय, ते सांगते. काच गोल येते, ताटलीसारखी. ती फ्रेमच्या आकाराची कापायची, कडा घासायची आणि खाचेत बसवायची. काचेचा मधला बिंदू बाहुलीसमोर आला पाहिजे. तो सरकला तर माणसाचं डोकं दुखतं आणि तो गोळ्या खात बसतो. मी काच म्हणते, पण आता ते सगळं प्लॅस्टिकच. खरी काच जड असते, आणि फुटली तर डोळ्यात जाते.

त्यात एक जात आहे उन्हात काळी होणाऱ्या काचेची. आपल्याकडे तिला डे-नाइट म्हणतात. घरात पांढरी, उन्हात गेलं की आपोआप काळी. लोकांना ही जादू वाटते. जादू काही नाही. उन्हात डोळ्याला न दिसणारे किरण असतात, ते लागले की काचेतला मसाला रंग धरतो आणि किरण गेले की सोडतो. रंग धरतो पटकन, सोडतो सावकाश. हे दुसरं वाक्य गिऱ्हाईक कधी ऐकत नाही.

या काचेच्या तक्रारी ठरलेल्या. टॅक्सीवाला यायचा, "गाडीत काळी होत नाही, नकली दिलीत." गाडीची पुढची काच ते किरण अडवते, मग आत चष्मा काळा कशाने होणार? त्याला गाडीबाहेर उभं करून दाखवायचं. तरी तो म्हणायचा, "पण मी तर गाडीत बसतो." मग ही घेतलीस कशाला, असं मी विचारायचे. अर्बाबला माझी अशी बोलणी आवडत नसत. आमचा अर्बाब म्हणजे दुकानाचा ओमानी मालक. भला माणूस, पण त्याला गिऱ्हाईक खूश होऊन बाहेर पडायला हवं असे.

त्यासाठी दुकानाची एक रीत होती. ही काच दाखवायची असली की गिऱ्हाईकाला दाराबाहेर न्यायचं, चष्मा उन्हात धरायचा आणि काळा झाला की म्हणायचं, बघा! अझैब्याच्या सगळ्या दुकानांत हेच चालतं. यात एक गोम आहे. ही काच तापली की नीट काळी होत नाही. आमच्या दारात उन्हाळ्यात फरशीवर पाय ठरत नाही, तिथे ती जेमतेम चहाच्या रंगाची होते. मग गिऱ्हाईक म्हणतं, "अजून काळी द्या." दुकानदार त्याहून काळी होणारी काढतो. तीच काच थंडीत डोंगरावर गेली की कोळसा होते आणि सावलीत शिरलं तरी लवकर उतरत नाही.

रस्त्यावर चालणाऱ्याला याने काही होत नाही. दोन पावलं थांबतो, डोळे चोळतो. डोंगरावरून सायकल हाकत खाली येणाऱ्याला थांबता येत नाही. इथे ते वेड बरंच आहे. सुट्टीच्या दिवशी पहाटे गोरे, ओमानी, आपले, सगळे गाडीच्या मागे जाड टायरच्या सायकली लटकवून निघतात. ते दुकानात आले की मी मागून बाहेर यायचे आणि विचारायचे, कुठला डोंगर, किती वाजता, आणि उतार उन्हात की घळीत. फ्रेमचा रंग मागाहून. कातळावरचे खाचखळगे राखाडी काचेपेक्षा तपकिरीत बरे उठून दिसतात. पाण्याची चमक मारणारी पोलराइज्ड काच कोळ्याला चांगली, पण सायकलवाल्याला ओला दगड चमकलेला दिसायला हवा, नाहीतर तो त्यावरून घसरतो.

महमूदभाई आला तो उन्हाळ्याच्या शेवटी. रत्नागिरीकडचा माणूस, डोंगराकडच्या निझवा गावात नळ-पाइपचं दुकान. पन्नाशी ओलांडलेला, अंगाने काटक, डोळ्यावर काळाभोर गॉगल. एक हात गळ्यात बांधलेला. बरोबर बायको, जुबेदा. एवढ्या लांबून चष्म्याला कोण येतं? पण आमच्याकडे सायकलवाल्यांचे चष्मे बनतात, हे त्याला त्याच्या ओमानी दोस्ताने सांगितलं होतं.

डोळे तपासायच्या खोलीत तो गॉगल काढेना. जुबेदाने दार लावून घेतलं तेव्हा काढला. त्याचा डावा डोळा गेलेला होता. लहानपणी गावात खेळताना विटी लागली होती. बुबुळ पांढरं पडलेलं. उजवा चांगला, थोडासा लांबचा नंबर.

तो नंबरचं कार्ड घ्यायला पुढे गेला तशी जुबेदा माझ्या मागच्या खोलीत शिरली.

"आंटी, तुमी तेला सांगा, सायकलवर चालेल अशी काच येतच नाय."

"का सांगू?"

"गेल्या महिन्यात घळीत पडला. काळोख झाला म्हणे एकदम, दगड दिसला नाय. खांदा सरकला. एकच डोळा हाय ओ. तो गेला तर मी काय करू? दुकान कोण बघेल? तुमी नाय बोललात तर सायकल सोडेल."

"मी काचा बसवते, जुबेदा. नवरे बसवत नाही."

ती रागावली. पण गेली नाही, स्टूल ओढून तिथेच बसली. मला ते आवडलं.

मी त्याला नेहमीचे प्रश्न विचारले. पहाटे निघतो, वर ऊन लागतं, मग घळीतून उतार, पुन्हा ऊन, पुन्हा कड्याची सावली. म्हणजे उतरताना दर थोड्या वेळाने उजेड बदलतो. दोन डोळ्यांच्या माणसाला खोली आपोआप कळते. एका डोळ्याचा माणूस ती सावल्यांवरून आणि दगडांच्या कडांवरून ओळखतो. काच काळी राहिली की त्याच्याकडे काहीच उरत नाही. त्याला हलकी काच हवी होती. सावलीत जवळजवळ पांढरी होणारी आणि उन्हातही मध्यमच काळी होणारी. पॉलीकार्बोनेटची, म्हणजे खडा उडाला तरी फुटणार नाही. बाजूने बंद, गालाशी टेकणारी.

मी तशी काढून समोर ठेवली. त्याने ती उजेडाकडे धरली.

"भायरनं आत दिसता काय?"

"सावलीत दिसणार."

त्याने दुसरी घेतली. "हिच्यातनं?"

"हिच्यातूनही."

तिसरी घेतली तेव्हाही तेच. काचेतून बाहेरचं कसं दिसतं, हे त्याने एकदाही विचारलं नाही. मग तो आपणहून उठला, दाराबाहेर गेला, पहिली उन्हात धरून परत आला आणि म्हणाला, "ही काय काळी होत नाय. सगळ्यात काळी होणारी द्या."

मी मशीन बंद केलं. "महमूदभाई, तुम्हाला ऊन झाकायचंय की डोळा?"

 जुबेदा भिंतीकडे बघत म्हणाली, "इचारा, इचारा. माज्याशी तर बोलत नाय."

"दोनी," तो शेवटी म्हणाला.

"दोन्ही एका काचेत होणार नाही."

तो हळूहळू बोलायला लागला. निझव्यात कुणाला माहीत नव्हतं म्हणाला. दुकानात गॉगल, मशिदीत गॉगल, सायकलवर गॉगल. लोक त्याला हिरो म्हणून हाक मारायचे आणि ते त्याला चालायचं. गावी पोरं दुसरंच नाव ठेवायची, ते त्याने आम्हाला सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी सालेम नावाच्या ओमानी मास्तराने त्याला सायकलीच्या टोळीत घेतलं. निवृत्त मास्तर, बागेचे पाइप याच्याकडून नेणारा. "तिते मी शेठ नाय, आंधळा नाय. सगळ्यासारको एक. ता मना सोडूचा नाय."

 मला कामातलंच सुचतं. मी म्हटलं, डाव्या बाजूला कायमची काळी काच घालते, उजवीकडे ही बदलणारी. डाव्या डोळ्याला तसंही काही दिसायचं नाही. नमुन्याच्या काचा एका फ्रेममध्ये अडकवून त्याला बाहेर उन्हात नेलं. दोन्ही बाजू साधारण सारख्या दिसल्या. त्याचा चेहरा उजळला. मग आत आणून आरशासमोर उभा केला. उजवी हळूहळू पांढरी होत गेली, डावी काळीच राहिली.

जुबेदा बघत होती. तिने पदर तोंडाला लावला, पण हसू काही थांबलं नाही. "अर्दं दुकान बंद, अर्दं उघडं!"

मीही हसले. तोही हसला, पण चष्मा काढून ठेवला. "नको. हेच्यापेक्षा उघडो डोळो बरो."

तो बोलून गेला खरा, पण अजून त्याला सगळ्यात काळीच हवी होती. मग मी त्याने मागितलेली काळी काच आणि माझी हलकी काच दोन्ही दुकानाच्या फ्रिजमध्ये ठेवल्या, लबनच्या, म्हणजे ताकाच्या, बाटल्यांशेजारी. अर्बाब काउंटरवरून ओरडला, "फिलोमिना, यल्ला, चष्म्याला भूक लागली काय?" आम्ही चहा प्यायलो. मग दोन्ही गारेगार काचा दाराबाहेर धरल्या. त्याची काच बघता बघता तव्याच्या बुडासारखी झाली. लगेच आत आणून मी त्याला हातातलं कार्ड तिच्यातून वाचायला सांगितलं.

"काय पण दिसत नाय."

"थांबा. दिसेल."

तो काच डोळ्याला लावून उभा राहिला. बराच वेळ गेला. त्याने माझी काच लावली आणि कार्डावरचं आपलं नाव वाचलं. पुन्हा पहिली लावली. अजून अंधारच होता.

"डोंगरावर थंडीत असं होणार," मी म्हटलं. "इथे थांबायला वेळ आहे. तिथे तेवढ्यात तुम्ही कुठे पोहोचलेले असाल ते तुम्हीच सांगा."

तो जुबेदाकडे न बघता म्हणाला, "आनि खाली कॉफीला बसतो तवा?"

"तेव्हा दिसेल."

"सगल्यांना?"

"ते आंधळे नसतील तर."

अर्बाबने कपाळाला हात लावला. महमूदभाईने हलकी काच माझ्या पुढ्यात सरकवली. "घासा," म्हणाला.

चष्मा मी मन लावून केला. वळणाच्या फ्रेममध्ये नंबरची काच बसवणं कटकटीचं असतं, कडेला जग वाकडं दिसतं. त्याचा नंबर कमी होता म्हणून जमलं. खांदा बरा होऊन थंडी पडल्यावर जुबेदाचा फोन आला. शनिवारी तो पहिल्यांदा जातोय, तुम्ही पण चला. "कशाला?" मी विचारलं. "काय झाला तर मी कोणाला धरू? तुमालाच." मी इतकी वर्षं डोंगरवाल्यांना काचा दिल्या होत्या, डोंगर बघितला नव्हता. मुलाने मला आदल्या दिवशी निझव्याला सोडलं.

जबल अखदर डोंगरावर साधी गाडी चढू देत नाहीत. सालेमच्या पुतण्याच्या मोठ्या गाडीतून जुबेदा आणि मी गेलो. वर सगळा उघडा करडा कातळ, आणि थंडी अशी की मुलाचं जॅकेट घालूनही माझे दात वाजत होते. सायकलवाली मंडळी वरच्या टोकाला सायकली उतरवून निघाली. आम्ही गाडीने वळसा घालून खाली गेलो, जिथे उतार संपतो तिथे. डाळिंबांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा, पाटाचं पाणी आणि बाजूला दगडी ओवरी, पुढून उघडी, आत काळोखी. वाऱ्यापासून आडोसा म्हणून सगळे तिथेच बसतात.

जुबेदाने पर्समधून त्याचा जुना काळा गॉगल काढला. "तेनेच दिलान ठेवायला. आल्या आल्या दे, म्हणाला."

 चष्मा माझा, चेहरा त्याचा.

मग आम्ही घळीकडे बघत बसलो. उन्हाची एक पट्टी, मग सावली, मग पुन्हा पट्टी. माझ्या काचेने तिथे काय करायला हवं ते मला माहीत होतं. ती करते आहे की नाही ते दिसत नव्हतं. जुबेदाचे ओठ हलत होते. मीही क्रुसाची खूण केली, उगाच खोटं कशाला सांगू. आधी खडे घरंगळल्याचा आवाज आला. मग एक ओमानी सुटून बाहेर आला, मग दुसरा. मग बराच वेळ कुणी नाही. जुबेदाने माझं मनगट धरलं, आणि तिची नखं लांब होती. आणि मग घळीच्या काळ्या तोंडातून महमूदभाई आला, ढुंगण सीटवरून उचललेलं, तोंड धुळीने पांढरं, आणि त्याच्या चाकाला चाक लावून सालेम. दोघं पाटाशी येऊन थांबले. महमूदभाई उतरला आणि दोन्ही हातांनी सायकल धरून उभा राहिला.

"सगला दिसला," तो मला म्हणाला. "दगडान् दगड."

ते सगळे ओवरीत शिरले, थर्मास उघडला, खजुराचा डबा फिरला. आम्ही दोघी दाराशी बसलो. महमूदभाईच्या काचा अजून तपकिरी होत्या. जुबेदाने पर्स उघडून गॉगलची पेटी मांडीवर ठेवली आणि त्याच्याकडे बघितलं. त्याने ती पेटी पाहिली. थंडीत काच सावकाश उतरते, त्याला वेळ होता. हात पुढे केला असता तर कुणाला काही कळलं नसतं.

त्याने कॉफीची वाटी घेतली.

मी आयुष्यभर काचा उतरताना बघितल्या आहेत, घड्याळ न बघता मला अंदाज येतो. आधी भुवई दिसली. मग पापणी. मग डोळा पांढरा आहे एवढं. तो खाली वाटीत बघत होता. मग त्याने मान वर केली आणि तशीच ठेवली. समोर बसलेल्या तिघांनी बघितलं. कुणी खजूर चावायचं थांबलं नाही.

सालेमने त्याच्या वाटीत कॉफी ओतली. त्याला दुकानदारांमुळे हिंदी चांगली येते, दोघं हिंदी आणि अरबी मिसळूनच बोलतात. तो म्हणाला, "महमूद, दोन वर्षं मी तुझ्या डाव्या हाताला सायकल चालवतोय. दरीच्या बाजूला. तुला काय वाटलं, मला ती बाजू आवडते?"

महमूदभाईची वाटी हातातच राहिली. "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. डाव्या बाजूने हाक मारली की तू सगळी मान वळवतोस. मी मास्तर होतो, पोरं कशी बघतात ते बघण्यातच जन्म गेला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोललास?"

तिघांपैकी एकजण म्हणाला की सालेमला ताप होता तेव्हा ती बाजू आपल्याकडे होती आणि महमूद वळणावर फार बाहेर येतो, एकदा आपल्याला दरीतच घालणार होता. त्यावरून त्यांची बाचाबाची सुरू झाली. कोण किती बाहेर येतं, कुणाचे ब्रेक कसे. महमूदभाई सगळ्यांत मोठ्याने भांडत होता.

जुबेदा माझ्याकडे वळली. तिचा चेहरा लाल झाला होता. "बगा आंटी. सगल्या निझव्याला ठाऊक. आनि मी पावण्यांना सांगत बसते, डोले आलेत, डोले आलेत." तिने गॉगल पर्समध्ये इतक्या जोरात टाकला की काडी मोडल्याचा आवाज आला. दुरुस्ती माझ्याकडेच येणार, असं मला वाटलं. ती कधी आली नाही.

आता मी काम सोडलं आहे. अझैब्यातच मुलाकडे असते. बिनफ्रेमचा चष्मा मोडला की दुकानातून अजून बोलावणं येतं, कारण नवीन माणसाच्या हातात त्या काचा तडकतात. नातवंडं आपसात इंग्रजीत बोलतात. त्यांना वाटतं, आजी लोकांना गॉगल विकायची. एक खंत आहे. दारात काच धरून "बघा" म्हणायची रीत मी अर्बाबला मोडायला लावू शकले नाही. फ्रिजमध्ये काच ठेवणं त्याला दुकानाच्या इभ्रतीला शोभत नाही असं वाटायचं. अजून तिथे भर उन्हात तेच चालतं.

महमूदभाई नंतर एकदाच आला, मी मशीनवर होते तेव्हा. त्याला दुकानात बसायला चष्मा हवा होता, पाइपावरचे बारीक आकडे वाचायला. तो उघड्या चेहऱ्याने आला होता. काउंटरवरचं गिऱ्हाईक त्याच्याकडे बघत राहिलं, तर त्याने त्याला सलाम केला. त्याने एक साधी फ्रेम निवडली. मी पावती लिहायला घेतली आणि सवयीने विचारलं, "काच कुठल्या रंगाची?"

"रंग कशाला?" तो म्हणाला.